मास्तरांची बंडी

"मास्तरांच्या पायात काय असतं?" अव्वाने विचारलं.

अक्का जेवत होती. म्हणाली, "जोडा. काळा. टाचा झिजल्यात."

"आन डोक्याला?"

"लाल टोपी. गोंडा गळालाय तिचा."

"खोकत्यात का?"

"लई. सकाळच्याला तर बोलताच येत न्हाय त्यास्नी. छातीला हात धरून उभं राहत्यात."

अव्वाने तव्यावरची भाकरी उलटली. अव्वा म्हणजे आमची आई. आमचं गाव नळदुर्गच्या बाजूला, कानडी मुलखाला लागून. घरात निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत. आईला अव्वा म्हणायचं, वडिलांना अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का. त्या हिवाळ्यात रोज जेवताना अव्वा अक्काची अशी उलटतपासणी घ्यायची. मास्तरांना काहीतरी द्यायचं तिच्या मनात होतं. काय द्यायचं, ते ठरत नव्हतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावात चौथ्या जमातीपर्यंतची, म्हणजे चौथीपर्यंतची, शाळा होती, तीही मारुतीच्या देवळामागच्या पडवीत. मास्तर एकच. ते परभणीकडचे. बायकामुलं त्यांनी गावी ठेवली होती आणि इथे एका खोलीत ते हाताने करून खायचे. गावातल्या बायका शाळेच्या बाजूला फिरकत नसत, आणि अव्वा तर परक्या माणसासमोर कधीच यायची नाही. तिने मास्तरांना लांबून, पाठमोरं, एकदोनदा पाहिलं असेल. म्हणून अक्का तिचे डोळे झाली होती. मीही दुसऱ्या जमातीत त्याच पडवीत बसायचे, पण मला असलं काही विचारण्यात अर्थ नाही हे अव्वाला ठाऊक होतं. मला मास्तरांची फक्त छडी दिसायची.

अक्का चौथीत होती. त्यापुढे गावात शाळा नव्हती. आमची मावशी सोलापूरला असायची. सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका ओलांडला की आमची मोगलाई संपली. मावशीचे यजमान गिरणीत होते, घराजवळ मुलींची शाळा होती. मावशीने निरोप धाडला होता की थोरलीला माझ्याकडे पाठव, माझ्या पोरींबरोबर जाईल शाळेत.

अप्पांनी त्यावर एकच गोष्ट सांगितली. "मास्तर म्हणाले, पोरगी हुशार हाय, शिकवा, तर धाडीन. न्हाय म्हणाले, तर पुन्हा हा इषय घरात काढायचा न्हाय."

अप्पांना अक्षर येत नव्हतं. मुलगी शाळेत काय करते, वाचते ते खरं की पाठ केलेलं, हे कळायला त्यांच्याकडे मास्तरांच्या शब्दाखेरीज दुसरं काही नव्हतं. मी त्यांना त्याबद्दल कधी दोष दिला नाही. पण असं होतं खरं. अक्काचं पुढचं सगळं आयुष्य मास्तरांच्या तोंडातल्या एका शब्दावर उभं होतं, आणि हे घरात लहानमोठ्या सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर तो शब्द देतील याविषयी कुणालाच शंका नव्हती. अक्काला शाळेत आणली होती ती त्यांनीच. मुलींची नावं शाळेत दाखवावी लागत, म्हणून ते गावात घरोघर फिरले होते. बहुतेकांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. आमच्या दारात उभं राहून ते अप्पांना म्हणाले होते, "तुमची पोरगी मला उसनी द्या. लिहायला शिकवून परत करतो." अप्पांना ते बोलणं फार आवडलं. ते कैक दिवस भेटेल त्याला ते सांगत होते. पुढे शाळा तपासायला मुआयन्याचे साहेब आले तेव्हा अक्काने मराठी धडा वाचला आणि मग उर्दूचाही वाचला, न अडखळता. साहेब मास्तरांकडे वळून काहीतरी बोलले. मास्तर त्या दिवशी आम्हाला छडीशिवाय दिसले. मला आज जी काही दोन अक्षरं येतात त्यातलं पहिलं त्यांनीच माझा हात धरून गिरवून घेतलं. हे उपकार मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

गावात मास्तरांना देण्याची रीत होती. कुणी गवारीच्या शेंगा धाडायचं, कुणी कोथळाभर जोंधळे, कुणी लोणी. पाटलाच्या घरून एकदा धोतरजोडी गेली होती. ज्याच्या घरी जे जास्त झालं ते मास्तरांकडे जायचं. अव्वाला ते पटत नव्हतं. ती म्हणायची, "आपल्याला नको झालेलं द्यायचं, ते देणं व्हय? त्यास्नी काय लागतं ते बघाय पायजे." पाटलाकडच्या धोतरजोडीचं काय झालं तेही अक्काने तिला सांगितलं होतं. आठवड्याच्या आत त्यातलं एक धोतर दुकानदाराच्या अंगावर होतं. मास्तरांचा पगार वेळेवर येत नसे, आणि उधारी तर थांबत नाही.

एक दिवस अक्का शाळेतून आली आणि अव्वाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "मास्तर फळ्यावर वरच्या अंगाला का लिहीत न्हाईत, ते कळलं मला."

मास्तर नेहमी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. वर तारीख घालायची असली की एखाद्या उंच पोराला पुढे बोलवायचे. आम्हाला ती त्यांची तऱ्हा वाटायची. अक्का म्हणाली, "हात वर केला की काखेतली शेरवानी उसवलेली दिसती. आन आज खोकताना वरचं बटण निघालं. आत सदरा न्हाईच अव्वा. नुसती कॉलर हाय आन पुढची पट्टी. बाकी चिंध्या."

हे सांगताना ती हसली नव्हती. मला हसू आलं होतं, तर तिने मला चिमटा काढला.

अव्वाचं त्याच क्षणी ठरलं. मास्तरांना बंडी शिवायची. शेरवानीच्या आत घालायची, आत पिंजलेला कापूस भरून गोधडीसारखे टाके घातलेली, म्हणजे छातीला ऊब राहील आणि खोकला धरणार नाही. बाहेरून कुणाला दिसायचीही नाही. कापूस आमच्या शेतातला होता. कापडाचं अवघड होतं. लढाई संपली होती, तरी कापडावर कंट्रोल होता, पैसे देऊनही मिळायचं नाही. पण मामाने अव्वाला आहेर केलेला मांजरपाटाचा एक तुकडा पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला होता. तो तिने काढला.

अप्पा म्हणाले, "कोरंच दे की. शिवतीस कशाला?"

त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. आमच्याकडे बाहेरच्या माणसाला कापड द्यायचं ते कोरं, घडी न मोडलेलं. त्याला कात्री लावायची नाही, सुई लावायची नाही. शिवलेलं कापड घरातल्या पुरुषांसाठी. बाहेरच्या कुणाला शिवून दिलं जात असेल तर ते फक्त लग्नात, मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला. अव्वाला ही रीत माहीत नव्हती असं नाही. शेजारणीला तीच ती शिकवत आली होती. पण ती म्हणाली, "कोरं दिलं तर त्या दुकानदाराच्या अंगावर जाईल. शिवलेलं कोण काढून घेतंय? मास्तरांच्या मापाचं मास्तरांनाच हुईल."

"आन माप?"

"हाय की आपल्याकडं माप घेणारी," अव्वा म्हणाली आणि अक्काकडे पाहून हसली.

अप्पांची जुनी बंडी समोर पसरली होती. अक्का तिच्या बाजूला बसून सांगत होती, "अप्पांपेक्षा चार बोटं अरुंद. खांदे उतरते. डावा जरा जास्तच." अव्वा कापत होती. आतल्या शिवणी अक्काने स्वतः घातल्या. तिचे टाके इतके बारीक होते की अव्वाने ते दिव्याजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा बरं शिवतीस की गं." अक्का त्या वेळी अकरा वर्षांची असेल. ती मोठी होत चालली आहे हे अव्वाला कसं दिसलं नाही, असं पुढे लोक म्हणाले. मला वाटतं, अव्वाला अक्कामध्ये एक शाळेत जाणारं पोर दिसत होतं, आणि मास्तरांच्यात एक खोकणारा माणूस. तिसरं काही त्यात असू शकतं हे तिच्या मनाला शिवलंही नसेल.

बंडी द्यायचं येळवसेला ठरलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं असतं आणि शिवार भरलेलं. प्रत्येक शेतात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड चुना लावून मांडतात, त्यांची पूजा करतात. मग भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातली आंबील. ज्यांना शेत नाही त्यांना मुद्दाम बोलावून आणायचं. मास्तरांना तर प्रत्येक शेताचं आवतन असायचं. ते बिचारे दुपारपर्यंत या बांधावरून त्या बांधावर एकेक घास खात फिरायचे. त्या वर्षी अप्पांनी त्यांना आधीच गाठून सांगून ठेवलं होतं, पहिला घास आमच्याकडे.

ते आले. ऊन चांगलं तापलं होतं, तरी शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शेजारच्या शेतातले आमचे चुलते आणि काकूही आमच्याच कोपीत आले होते, बांधावरची आणखी दोनचार माणसं होती. अव्वा कोपीच्या मागे, कडब्याच्या आडोशाला वाढून द्यायला बसली होती.

काका गमत्या स्वभावाचे. त्यांनी मास्तरांच्या पेल्यात आणखी आंबील ओतली. "घ्या मास्तर, घ्या. तुमच्या परभणीत मिळायची न्हाय असली."

"परभणीत येळवस असती तर मी तुमच्या गावी कशाला आलो असतो काका?" मास्तर म्हणाले. सगळे हसले. मास्तरही मोकळे हसले. तसे ते फारसे हसत नसत.

तेवढ्यात अव्वाने अक्काला पुढे पाठवलं. ताटात नारळ, पानसुपारी आणि घडी घातलेली बंडी. अक्काने ताट मास्तरांपुढे ठेवलं, पाया पडली आणि बाजूला उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेत उत्तर बरोबर आल्यावर जसा व्हायचा तसा.

मास्तरांनी हात पुसले. कापड उचललं, उलगडलं. "अरे, हे तर शिवलेलं आहे," ते म्हणाले. आवाजात आनंदच होता.

काकू म्हणाल्या, "अगं बया! शिवून दिलीय? शिवलेलं तर जावयाला करत्यात गं."

"मग करा की जावई," काका म्हणाले. "मास्तर हितं एकलेच तर हायेत."

पुन्हा सगळे हसले. येळवसेला असली थट्टा चालते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मास्तरही अजून हसत होते. काकांनी बंडी हातात घेऊन फिरवून पाहिली. "पर माप कुणी घेतलं? वैनी तर मास्तराम्होरं येत न्हाईत."

"म्या," अक्का म्हणाली. "डोळ्यानंच घेतलं. रोज बघते की मी."

"रोज बघती म्हणं!" काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मग घालाच मास्तर," काका म्हणाले. "बघू तरी पोरीची नजर किती सही हाय ते."

"घाला, घाला," बाकीचे म्हणाले.

मास्तरांचा हात वरच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. "नंतर घालीन. आता जेवण चाललंय."

"लाजता काय नवरदेवावानी? काढा ती शेरवानी, उनाचं मरताय कशाला तिच्यात?" असं म्हणत काका उठले आणि थट्टेने मास्तरांच्या बटणाला हात घालू लागले. मास्तर मागे सरले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे घाबरले होते. ते अक्काला दिसलं. ती चटकन मध्ये आली.

"नगा काका. त्यास्नी शेरवानी काढाय लावू नगा. आत सदरा फाटलाय."

तिला त्यांना वाचवायचं होतं. इतकी वर्षं मी तो क्षण उलटून पालटून पाहिला, मला त्यात दुसरं काही सापडलेलं नाही.

मग मागे बांधावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि काकांनाही आवरलं नाही. मास्तरांचा हात अजून बटणावरच होता. त्यांनी तो खाली घेतला, बंडी घेतली, होत्या त्याच घडीवर नीट दुमडली आणि ताटात ठेवली. नारळही ठेवला. "मेहरबानी झाली," ते म्हणाले. "अजून बरीच शेतं फिरायची आहेत." पेल्यातली आंबील तशीच होती. ते बांधावरून गेले, आणि पुढच्या शेताकडे न वळता गावाच्या वाटेला लागले.

अव्वा आडोशाला होती, तिने सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिने बंडी पेटीत ठेवली. अप्पा म्हणाले, "दोन दिवसांनी इसरतील. तुमी बायका उगंच जिवाला लावून घेता."

मास्तर विसरले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अक्काला एकही प्रश्न विचारला नाही. ती बोट वर करायची, त्यांची नजर तिच्या बोटावरून पलीकडे जायची. काही दिवसांनी त्यांनी आम्हा चारपाच मुलींची जागा मागे, खांबाआड नेली. फळ्यावर लिहिणंच त्यांनी बंद केलं, सगळं तोंडी सांगायचे. अक्का खांबाच्या एका बाजूने मान काढून ऐकायची. तिने अभ्यास सोडला नाही. उलट जास्तच करायला लागली. तिला वाटत होतं की चौथीच्या परीक्षेत पहिली आले की मास्तरांना बोलावंच लागेल.

गावात काकूंच्या तोंडून गोष्ट फिरली होतीच. विहिरीवर बायका अक्काला म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं बी माप सांग गं." ती घागर भरून निमूट यायची.

परीक्षा झाली. ती पहिली आली. मग अप्पा एके दिवशी डोक्याला चांगलं मुंडासं बांधून मास्तरांकडे गेले. अक्का जात्यावर बसली होती. आज ती दळण नको म्हणाली असती तरी अव्वा काही बोलली नसती, पण तिला हात रिकामे नको होते.

अप्पा लवकरच परत आले. ओसरीवर बसले, मुंडासं काढून बाजूला ठेवलं.

"काय म्हणाले?" अव्वाने विचारलं.

"म्या इचारलं, पोरगी हुशार हाय का, शिकवू का. तर म्हणाले, हुशारीचं राहू द्या. पोरगी आता वयात येतीय. तिचं ध्यान पाटीवर नसतं. माणसांच्या अंगाकडं असतं. परमुलखात धाडू नका, घरात ठेवा."

जातं थांबलं.

"असं म्हणाले?" अव्वा म्हणाली. "ह्या लेकराला?"

"व्हय."

"आन तुमी?"

"म्या काय बोलू? मास्तर हायेत ते."

"साकु," अव्वा म्हणाली. साकु म्हणजे कानडीत पुरे. आमच्या घरात हा शब्द जेवताना वाढणाऱ्याचा हात थांबवायला वापरायचे.

अक्का जात्याजवळून उठून ओसरीच्या दारात आली. हाताला पीठ तसंच. "अप्पा," ती म्हणाली, "पर हुशार हाय का न्हाय, त्याचं काय म्हणाले?"

"सांगितलं की. राहू द्या म्हणाले."

"म्हंजी हाय म्हणाले का न्हाय म्हणाले?"

अप्पा मुंडाशाची घडी घालू लागले. मला वाटतं त्यांना प्रश्नच कळला नाही. ज्या माणसाने मुलीच्या नजरेविषयी असं सांगितलं, त्याला पुढे आणखी काय विचारायचं असतं?

बंडी पेटीत पडून होती. अप्पा एकदा म्हणाले की मीच घालतो, कापड का वाया घालवायचं. पण ती त्यांना होत नव्हती. चार बोटं कमी पडत होती. अव्वाने मग एका दुपारी बसून ती उसवली. अक्काचे बारीक टाके उसवायला तिला, ते घालताना अक्काला लागला असेल त्याहून जास्त वेळ लागला. पुढच्या वर्षी तुळजापूरकडच्या एका घरी अक्काचं लग्न झालं. घाईच झाली, कारण बोलणं फार पसरायच्या आत उरकायला हवं होतं.

मी पुढे शिकले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मला शिकवलं तेही मास्तरांनीच. मी चौथी पास झाले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं. शाळेवर नवं सरकार होतं, पगार वेळच्या वेळी मिळू लागला होता, मास्तरांच्या अंगावर नवा कोट होता, आणि पुढे शिकणाऱ्या मुलींची विचारपूस वरून व्हायला लागली होती. या वेळी अप्पांना काही विचारावं लागलं नाही. मास्तरच घरी आले आणि म्हणाले, "धाकटीला शिकवा." अक्कापेक्षा मी किती मागे होते हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. अप्पांनी बाजारातून कोरं कापड आणून त्यांना दिलं. ते कुणी निवडलं नव्हतं, दुकानदाराने वरचं काढून दिलं होतं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. अव्वा त्या दिवशी चुलीपासून उठली नाही.

सोलापूरला मावशीकडे राहून मी मॅट्रिक झाले, मग पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली. शिक्षिका झाले. आता पालक मलाही वस्तू आणून देतात. पेन, नारळ, ब्लाउजचं कापड, पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना तेच ते देतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा एका आईने माझ्यासाठी पायाखाली घ्यायला चवाळ्याच्या जाड कापडाची घडी शिवून आणली. उभं राहून माझे पाय सुजतात हे तिच्या मुलीने घरी सांगितलं होतं. मी आभार मानले, पण त्या क्षणी मला पहिली जाणीव झाली ती रागाची. हिला कोणी सांगितलं माझ्या पायांकडे बघायला? देणाऱ्याने आपल्याकडे इतकं नीट पाहिलेलं असणं घेणाऱ्याला सोसत नाही. हे मला कळतं. मास्तरांचंही तेच झालं असणार, हेही कळतं. पण मी त्या बाईच्या मुलीविषयी कुणाजवळ वाकडं बोलले नाही. तेवढं न बोलणं माणसाला जमतं.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी गावी गेले होते. अप्पा म्हणाले, आधी मास्तरांच्या पाया पडून ये. मी गेले. ते निवृत्त व्हायला आले होते, आपल्या गावी परतायची तयारी चालली होती. मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हाताखालची पहिली पदवीधर मुलगी," ते म्हणाले. मग डोळे पुसत, "तुझी थोरली बहीण कुठे असते आता? ती तर तुझ्याहून हुशार होती बेटी. इतकी हुशार मुलगी मी नंतर पाहिली नाही."

मी विचारलं, "मग तसं तुम्ही अप्पांना का नाही सांगितलं?"

"कधी?"

"ते विचारायला आले होते तेव्हा. चौथीनंतर."

मास्तर आठवू लागले. खरंच आठवत होते, सोंग नव्हतं. "काय म्हणालो होतो मी?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. मग तेच म्हणाले, "येळवसेला तुमच्या शेतात लोक मला हसले होते, तेवढं आठवतं. फार हसले होते."

मी तशीच उभी राहिले. पाया पडून झालं होतं, ते परत घेता येत नाही.

तिथून आठवड्याने मी तुळजापूरकडे अक्काला भेटायला गेले. तिला तीन मुलं झाली होती, धाकटं कडेवर होतं. घर बरं होतं, माणसं वाईट नव्हती. मी तिला मास्तरांचं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, उठून माझ्याजवळ आली.

"काय म्हणाले? नीट सांग. शब्दाला शब्द."

मी सांगितलं.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. कडेवरचं पोर तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं, तिने त्याचा हात सोडवला.

"आन हे अप्पांच्या कानावर घातलंस?"

"घातलं."

"मग?"

"गप्प बसले."

अक्काने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "अप्पांस्नी म्हणावं, मास्तर म्हणालेत. आता धाडा मला सोलापूरला."

मला वाटलं ती थट्टा करतेय, म्हणून मी हसले. ती हसली नाही.